गव्हाच्या काडीचा खाका

अश्विनचा कागद सगळ्यात आधी कोणाला आवडला असेल, तर तो एका शेळीला.

गोहलपूरच्या गल्लीत त्यानं भर उन्हात दोरीवर कागद वाळत घातले होते. चिमटे लावून, एका ओळीत, धुतलेल्या रुमालांसारखे. आत जाऊन घोटभर पाणी पिऊन येतो, तर एक पांढरी शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून कागद खात होती. घाई नाही, गडबड नाही. चाखत-चाखत, लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखी. आणि तिच्याजवळ, बगलेत कापडाचं ठाण घेऊन, एक मुलगी उभी होती. ओठ घट्ट मिटलेले, पण डोळे... डोळे हसून राहिले होते.

अश्विनला राग आला की तोंडातून घरचीच भाषा निघायची. तो शेळीला म्हणाला, "खा बाई, खा. एवढे दिवस तुझ्यासाठीच तर काडी उकडून राहिलो होतो."

मुलीनं चमकून पाहिलं. "तुम्ही... मराठी?"

जबलपूरमध्ये या प्रश्नाची मजा बाहेरच्याला कळायची नाही. भाव हिंदीत करायचा, भांडण हिंदीत करायचं, पेपरही हिंदीत लिहायचा, आणि मराठी तेवढी घरात, स्वयंपाकघरात ठेवायची. मग एखाद्या दिवशी भलत्याच गल्लीत कोणीतरी तुमच्या आईसारखं बोलते, आणि काही कारण नसताना माणूस हळवा होते.

"शेळीशी बोलून राहिलो होतो," अश्विन म्हणाला. "माणसांशी हिंदीतच बोलतो मी."

"अच्छा. मग माझ्याशी कशात बोलणार?"

त्यानं शेळी हाकलली, तेवढं जमलं.

तिला ते कागद पापड वाटले होते, म्हणून तिनं शेळीला अडवलं नव्हतं, असं ती म्हणाली. अश्विननं जरा छाती काढून सांगितलं की पापड नाही, कागद आहे. गव्हाच्या काडीचा. रत्तीभर लाकूड नाही यात. मुलीनं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा गल्लीच्या वळणावर अजून रेंगाळणाऱ्या शेळीकडे.

"मग तिचं काय चुकलं? काडी तर तिचीच होती."

आणि ठाण सावरत ती समोरच्या कारखान्यात शिरली.

तिचं नाव प्रणोती. राहायला नेपियर टाउनला, यायची स्कूटरवर. समोरचा कारखाना शालिग्रामजींचा होता. तिथं सलवार-सूटांवर भरतकाम व्हायचं, आणि प्रणोती तिथं खाके बनवायची. खाका म्हणजे नक्षीचा कागद. पातळ कागदावर वेलबुट्टी काढायची, रेघेरेघेवर सुईनं बारीक भोकं पाडायची, मग तो कागद कापडावर ठेवून वरून रॉकेलात कालवलेली निळी पूड फिरवायची. कागद उचलला की कापडावर ठिपक्याठिपक्यांची वेल उमटलेली. मग कारागीर त्या ठिपक्यांवरून सुई-दोरा चालवत जातात. सूट विकला जाते, धुतला जाते, ठिपके निघून जातात. खाका बनवणारीचं नाव कोणी विचारत नाही.

अश्विन रांझीचा. त्याचे बाबा, देवीदास, तिथल्या मिलिटरीचे ट्रक बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यातून रिटायर झालेले. रांझीत पोरगा बारावी झाला की घरचे एकच विचारतात, कारखान्यात भरती कधी निघणार. अश्विननं बी.कॉम. केलं, दोनदा परीक्षाही दिली, पण त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. दरवर्षी एप्रिलमध्ये गहू निघाला की शहराबाहेर नरवाई पेटायची. हार्वेस्टर वरचे दाणे नेते, खाली उभी राहिलेली काडी शेतकरी जाळून टाकतात. तो धूर रांझीपर्यंत यायचा. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवर काळी कुसळं पडायची, आई बडबडायची. आणि अश्विन विचार करायचा की इकडे काडी जळून राहिली, तिकडे कागदासाठी बांबू-निलगिरी कापून राहिले, हा कुठला हिशोब आहे?

मोबाईलवर व्हिडिओ पाहून-पाहून तो शिकला. गोहलपुरात एक शेड भाड्यानं घेतली. काडी कापायची, भिजवायची, ड्रमात चुना-सोडा घालून उकडायची, धुवायची, कुटायची. कुटायचं यंत्र त्यानं जुन्या चक्कीची मोटर लावून स्वतःच बनवलं होतं. त्याला बनवायचा होता वहीचा साधा, मऊ, लिहायचा कागद. आणि काडी काही मऊ व्हायला तयार नव्हती. तिचे तंतू आखूड. कागद व्हायचा, पण घडी घातली की तुटायचा. लोक सांगायचे, थोडा पुठ्ठ्याच्या खोक्याचा लगदा टाक, मजबूत होईल. पण खोका म्हणजे शेवटी लाकूडच, आणि तिथं तो अडून बसायचा.

शेळीच्या प्रकरणानंतर प्रणोती रोज दुपारी येऊ लागली. कधी माठातलं पाणी प्यायला, कधी आज शेळीला किती माल खाऊ घातला ते विचारायला. काडी उकडताना शेडमध्ये एक वास सुटायचा, कोमट, गोडसर, खळ्यावर पाऊस पडून गेल्यासारखा. ती दारात उभी राहून तो वास आत ओढायची आणि म्हणायची, तुमच्या कागदाला भूक लागते.

एक दिवस ती खव्याची जिलबी घेऊन आली. यंत्र चालू होतं, आत लगदा फिरत होता, आणि बोलता-बोलता लहानपणीच्या चित्रकला स्पर्धेची गोष्ट निघाली. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये व्हायची ती, दिवाळीच्या आधी. बाबा अश्विनला रांझीहून बसमध्ये बसवून आणायचे. खिडकीतून डोकं काढू नको, हे सगळ्या रस्त्यानं सांगायचे. विषय होता 'माझं आवडतं'.

"मी ट्रक काढला होता," अश्विन म्हणाला.

प्रणोतीच्या हातातली जिलबी थांबली. "मिलिटरीचा? हिरवा?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"रांझीच्या सगळ्या पोरांनी तोच काढला होता. हॉलमध्ये ट्रकच ट्रक होते. परीक्षक बिचारे... त्यांना एक मोर दिसला तर त्यांनी डोळे मिटून बक्षीस देऊन टाकलं."

"मोर तुमचा होता?"

"मग कोणाचा?"

अश्विनला तो मोर आठवत होता. दोन वेण्यांची मुलगी, स्टेजवर जाताना चप्पल निसटलेली, आणि ती एका पायानं लंगडत बक्षीस घ्यायला गेली होती. त्यानं ते सांगितलं तशी ती लाजली, आधी नाहीच म्हणाली, मग म्हणाली की चप्पल आईची होती. मग कोणत्या सरांनी भाषण केलं, चिवड्याच्या पुड्यात शेंगदाणे किती कमी होते, सगळं निघालं. दोघं एकाच हॉलमध्ये, एकाच सतरंजीवर बसले होते एकेकाळी. हे कळल्यावर दुपार कुठं गेली, कळलं नाही.

आणि यंत्र चालूच राहिलं.

अश्विन उठला तेव्हा लगद्याची पार साय झाली होती. गुळगुळीत, बुळबुळीत, हातात धरवेना. फेकायला मन होईना, म्हणून त्यानं जाळीवर त्याचे कागद उचलले. पाणी निथळता निथळेना. वाळल्यावर तर कागद आक्रसून, कडक होऊन, आरपार दिसायला लागला. हातात घेतला की खडखड वाजायचा. शालिग्रामजी रस्त्यातून डोकावले आणि म्हणाले, "भैया, अब तो सच में पापड़ बन गया."

दुसऱ्या दिवशी अश्विन तोंड पाडून बसला होता. प्रणोतीनं एक कागद उचलला, दाराशी नेऊन उन्हात धरला. मागे तिच्या हाताची बोटं दिसत होती. कानातल्या झुमक्याची सावलीसुद्धा. तिनं ओढणीला टोचलेली सुई काढली, कागदात घुसवली, बाहेर काढली, आणि भोकाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग कागद घेऊन समोरच्या कारखान्यात पळाली.

परतली तेव्हा तिची बोटं निळी होती आणि श्वास लागलेला.

"बाजारातला बटर पेपर भोकांवरून फाटते. पाच-सहा सूट छापले की संपला," ती म्हणाली. "हा... हा फाटून नाही राहिला. रॉकेल पीत नाही, फुगत नाही. हा खाक्याचा कागद आहे, समजलं? तुम्ही एवढे दिवस याला वही बनवून राहिले, म्हणून रुसून होता तो."

"म्हणजे त्या दिवशी मी विसरलो म्हणून..."

"मी विसरवलं म्हणून," ती म्हणाली, आणि आपणच काय बोललो ते कळून घाईघाईनं बोटं पुसू लागली. ओढणीलाच.

त्या दिवसापासून अश्विननं वहीचा नाद सोडला. लगदा मुद्दाम जास्त कुटायचा, आणि कुटताना सोबत कोणी पाहिजे, असं तो म्हणायचा. यंत्राकडे लक्ष राहायला नको म्हणून.

सूटाच्या घेरासाठी मोठा खाका लागायचा. त्यासाठी अश्विननं मोठी चौकट बनवली, खाली जाळी लावलेली. ती लगद्याच्या हौदातून एकट्यानं उचलताच यायची नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, चौकट पाण्यात बुडवायची आणि एकदम, सारखी, एका श्वासात वर आणायची. एकाचा हात जरा पुढे गेला की सगळा लगदा दुसऱ्याकडे वाहून जायचा. सुरुवातीला किती कागद असे वाया गेले! ती म्हणायची, तुम्ही घाई करता. तो म्हणायचा, तुम्ही हसता. मग एकदा चौकट वाकडी होताना ती ओरडली, "अरे, उचल ना!", आणि त्यानं उचलली. कागद सपाट आला. 'अरे'वरून परत 'अहो'वर जायचं मग दोघांनाही जमलं नाही.

पाणी निथळेपर्यंत हलायचं नसते. धक्का लागला की तंतू सरकतात. म्हणून चौकट विटांवर टेकवून दोघं दोन बाजूंना गप्प बसायचे. थेंब... थेंब... मधेच ती डोळे वर करायची, तो नेमका तिच्याकडे पाहत असायचा, आणि दोघंही एकदम कागदाकडे पाहायचे. जसं काही तोच पळून जाणार होता.

एकदा बाबा शेड पाहायला आले. खुर्चीवर बसून बराच वेळ दोघांचं चौकट उचलणं पाहत राहिले. मोटरसायकलवरून परत जाताना पार रांझी आल्यावर म्हणाले, "कागद चांगला बनून राहिला."

"हो बाबा."

"पण तू कागदाकडे पाहून नव्हता राहिला."

पावसाळ्यात कागद वाळेनात. मग प्रणोती ते शालिग्रामजींच्या इस्त्रीच्या टेबलावर घेऊन जायची. सूटांच्या मधे-मधे एकेक कागद दाबायची. वाफेसोबत गव्हाचा वास त्या सगळ्या कारखान्यात पसरायचा, आणि कारागीर विचारायचे, दीदी, आज पराठे हैं क्या? ती गरम कागद ओढणीत गुंडाळून, पावसातून धावत, रस्ता ओलांडून आणायची. स्वतः भिजायची, कागद नाही. अश्विनच्या हातात द्यायची तेव्हा तो कागद अजून कोमट असायचा. तो कोमटपणा नंतर कित्येक दिवस त्याच्या तळहातांना आठवत राहिला.

दिवाळी झाली आणि सुरतची गोष्ट आली.

तिकडच्या एका मोठ्या कपड्याच्या कंपनीला डिझाइनर पाहिजे होते. नक्षी कॉम्प्युटरवर करायची, मशीन ती आपोआप भरते. खाका नको, भोकं नको, निळी पूड नको. प्रणोती हे सांगताना अश्विनच्या तोंडाकडे पाहत होती. खाली नाव येते, ती म्हणाली. डिझाइन कोणाचं, ते लिहितात तिथं. आजपर्यंत हजारो बायकांच्या अंगावर तिची वेल गेली असेल, एकीलाही तिचं नाव माहीत नाही.

अट एकच होती. मशीनवर बसवण्याआधी त्यांना उमेदवाराचा हात पाहायचा होता. एका पूर्ण दुपट्ट्याची नक्षी, खऱ्या मापाची, हातानं काढून, सलग कागदावर. तुकडे जोडलेले चालणार नव्हते.

"एवढा लांब कागद बाजारात मिळत नाही," ती म्हणाली. "तुझ्याकडे बनेल?"

बनणार होता. ओल्या कागदाची कड दुसऱ्या ओल्या कागदावर चढवून दाबली की तंतू एकमेकांत शिरतात. वाळल्यावर सांधा शोधून सापडत नाही. अश्विननं हे करून पाहिलेलं होतं, तिला माहीत नव्हतं.

"पाहतो," तो म्हणाला.

खरं सांगायचं तर त्या रात्री तो झोपला नाही. तिला थांबवायला काही करायची गरजच नव्हती. फक्त म्हणायचं होतं की थंडी आहे, सांधा धरत नाही, काडी आखूड पडून राहिली. तिनं विश्वास ठेवला असता. काडीवर सगळं ढकलता आलं असतं. तारीख निघून गेली असती आणि ती राहिली असती, समोरच्या कारखान्यात, दुपारी पाणी प्यायला येत. आयुष्यभर कोणाला कळलं नसतं.

सकाळी तो शेडवर गेला आणि सगळ्यात चांगली काडी निवडायला बसला. गाठी उकडत नाहीत, कागदात ठिपके होऊन बसतात, म्हणून एकेक काडीची गाठ त्यानं कात्रीनं कापून काढली. लगदा इतका कुटला की त्यात चेहरा दिसावा. चौकटी मात्र दोघांनीच उचलल्या. त्या दिवशी ती हसली नाही, त्यानं घाई केली नाही. एकामागून एक कागद उचलत, कडेवर कड चढवत गेले. वाळला तेव्हा तो कागद शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरला होता, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. प्रणोतीनं बोट फिरवत-फिरवत सांधा शोधला. सापडला नाही.

"कुठं जोडला?"

"नाही सांगणार."

तिनं त्यावर काय काढलं, ते त्यानं ती नक्षी दाखवायला जायच्या आदल्या दिवशी पाहिलं. गव्हाच्या ओंब्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वाऱ्यानं वाकलेलं अख्खं शेत. कागद गुंडाळून ती सुरतला गेली आणि चार दिवसांनी निवड होऊन परत आली. जिलबी घेऊन. अश्विननं दोन खाल्ल्या आणि तिसरी परत पुड्यात ठेवली.

आता या सगळ्याला बरीच वर्षं झाली. अश्विनची शेड मोठी झाली आहे. पनागरकडचे काही शेतकरी काडी पेटवत नाहीत, त्याच्यासाठी राखून ठेवतात. शालिग्रामजींनी दोन कॉम्प्युटरच्या मशीन घेतल्या, तरी बारीक हातकामाला अजून त्याचाच कागद लागते. प्रणोतीचं नाव डिझाइनखाली येते. दिवाळीला फोन येते, तिच्या पहिल्या वाक्यात अजूनही शेळीची चौकशी असते. लग्नाचं मात्र दोघंही एकमेकांना विचारत नाहीत. एप्रिलमध्ये नवी काडी आली, ड्रमात पहिला घाणा उकळला आणि तो वास सुटला की अश्विन जरा वेळ शेडबाहेर जाऊन उभा राहते. लोकांना वाटते, धुरानं डोळे चुरचुरत असतील.

त्याला आठवते ती तिच्या जायच्या दिवशीची दुपार.

जानेवारीचं कोवळं ऊन होतं. ती ऑटोनं आली होती. ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबलेला, आत सामान, आणि सामानाला धरून बसलेली तिची आई. पाच मिनिटात येते, असं सांगून प्रणोती शेडपर्यंत चालत आली होती. अश्विनचे हात कोपरापर्यंत लगद्यात. ते धुवावेत की नाही हेच त्याला कळेना.

शालिग्रामजींच्या पाया पडून आली, कारागिरांना भेटली, सगळं ती भराभर सांगत होती. मग सांगण्यासारखं संपलं.

"एक बोलू?" ती म्हणाली.

"बोल ना."

"तू एकदा जरी म्हटलं ना, जाऊ नको... तर मी नाही जाणार. मला माझं माहीत आहे. ऑटो परत पाठवून देईन." तिनं एकदा गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. "म्हणून... म्हणू नको."

ते दोन शब्द अश्विनच्या जिभेवर तयार होते, कित्येक दिवसांपासून. त्यानं ते तसेच आत ढकलले, आणि त्याला चांगलाच वेळ लागला.

"मग काय म्हणू?" त्यानं विचारलं.

"दुसरं काही म्हण."

"प्रेम आहे माझं तुझ्यावर. हे चालते का?"

प्रणोतीनं मान खाली घातली. कानातले झुमके थरथरले. "हे चालते," ती म्हणाली. मग जमिनीकडेच पाहत, "अश्विन, मला कागद आठवड्यातून एकदाच लागत होता. मी रोज येत होती."

"माहीत आहे."

"माहीत होतं तर बोलला काहून नाही?"

"तू येणं बंद करशील, म्हणून."

ती हसली. हसता-हसता डोळे भरले, तसेच राहू दिले तिनं. गल्लीच्या तोंडाशी ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. आईनं बाहेर डोकं काढून हाक मारली. प्रणोतीनं त्याचे लगद्यानं माखलेले दोन्ही हात आपल्या हातात घेतले, नव्या ड्रेसची पर्वा न करता.

"अजून एकदा म्हण," ती म्हणाली.

त्यानं म्हटलं.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब. ती जागची हलली नाही.

"अजून एकदा."